रीफ टँकमधल्या शिकारी गोगलगायी: ओळख, खाणं आणि धोके

रीफ टँक म्हणजे प्रवाळ ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. समुद्री मासे विकणाऱ्या दुकानात ‘क्लीनअप क्रू’ (टँक साफ ठेवणारे जीव) म्हणून एकाच टाकीत ट्रोकस, टर्बो, सेरिथ, नॅसेरियस आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची बंबलबी अशा सगळ्या गोगलगायी ठेवलेल्या असतात. सल्लाही सगळ्यांसाठी एकच मिळतो: सोडा, टँक साफ राहील. यातल्या पहिल्या तिघी शेवाळ आणि गाळावर जगतात, शेवटच्या दोघींना मांस लागतं. काचेवर शेवाळ आलंय म्हणून बंबलबी आणली तर शेवाळ जिथल्या तिथे राहतं आणि बंबलबी काही महिन्यांत उपाशी मरते, नाहीतर शेजारच्या लहान गोगलगायींकडे वळते. मांसाहारी गोगलगाय ठेवायची तर माशांसारखंच तिलाही वेळेवर खायला घालायची तयारी हवी. ती तयारी असेल तर हे प्राणी जरूर ठेवावेत. रात्री वाळूतून नळी वर काढून वास घेत फिरणारी नॅसेरियस पाहण्यात जो आनंद आहे, तो पाळणाऱ्यालाच कळतो.

आधी शंखाचं तोंड बघा

विकत घेण्याआधी गोगलगाय उलटी करून शंखाचं तोंड नीट पाहा. तोंडाची कड सगळीकडून गोल आणि सलग असेल, जशी ट्रोकस, टर्बो किंवा नेराइटची असते, तर बहुतेक वेळा ती शेवाळ खाणारी निघते. तोंडाच्या पुढच्या टोकाला खाच किंवा पन्हळीसारखी नाळ असेल तर सावध व्हा. त्या खाचेतून सायफन नावाची मांसल नळी बाहेर येते. गोगलगाय ती नळी इकडेतिकडे फिरवत पाणी आत ओढते आणि आतलं गंध ओळखणारं इंद्रिय खाणं कोणत्या दिशेला आहे ते शोधतं. अन्न लांबून हुंगून शोधायची गरज मुख्यतः मांसाहाऱ्यांना असते. व्हेल्क, म्युरेक्स, ट्युलिप, ऑलिव्ह, कोन, नॅसेरियस आणि बंबलबी या सगळ्यांना ही खाच असते.

या नियमाला अपवाद बरेच आहेत आणि ते पाठच असायला हवेत, कारण फसगत तिथेच होते. सेरिथला छोटी खाच असते, पण ती गाळ आणि शेवाळ खाते. स्ट्रॉम्बस म्हणजे कॉंच गटातल्या गोगलगायींनाही खाच असते, तरी त्या शाकाहारी असतात आणि वाळू साफ ठेवायला उत्तम. उलट बाजूचे अपवाद जास्त महागात पडतात. वाळूत राहणाऱ्या मून स्नेलचं तोंड गोल आणि बिनखाचेचं असतं, तरी ती शिंपले भोक पाडून खाते. झोअँथिड (वसाहतीने राहणारे, प्रवाळाच्या नात्यातले जीव) खाणारी सनडायल, समुद्रफुलं आणि सन कोरल हे प्रवाळ खाणाऱ्या वेंटलट्रॅप, शिंपल्यांचं रक्त शोषणारे इवलेसे पिरॅमिडेलिड यांच्याही तोंडाला खाच नसते. म्हणजे खाच दिसली तर संशय घ्यायचाच, पण खाच नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

कोन: हात लावायचा नाही

कोन स्नेल घरात ठेवायचीच नाही. शंकूसारखा शंख, जाड बाजूला बसका कळस आणि शंखाच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर गेलेली अरुंद फट, असा तिचा आकार असतो. तिच्या दाताचं विषारी भाल्यात रूपांतर झालेलं असतं आणि सोंड लांबवून ती शंखाच्या कुठल्याही बाजूला टोचू शकते. ‘मागच्या टोकाला धरलं तर चालतं’ ही समजूत जिवावर बेतू शकते. मासे खाणाऱ्या कोनस जिऑग्राफसच्या दंशाने माणसं दगावली आहेत. या विषावर प्रतिविष उपलब्ध नाही. दंश झालाच तर तो भाग हलू न देता दाबपट्टी बांधायची आणि श्वासोच्छ्वासाला आधार देऊ शकेल अशा रुग्णालयात ताबडतोब न्यायचं. कोनस टेक्स्टाइल भारताच्या समुद्रातही आहे, तेव्हा लक्षद्वीपला फिरायला गेलेल्यांनीही सुंदर शंख दिसला म्हणून उचलू नये. (याच गटातल्या कोनस मॅगसच्या विषापासून झिकोनोटाइड हे वेदनाशामक तयार झालं आणि २००४मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.)

कोनच्या भीतीने लोक स्ट्रॉबेरी कॉंच मात्र उगाच फेकून देतात. तिचा शंखही शंकूसारखाच दिसतो. पण तिचे डोळे लांब दांड्यांवर असतात, शंखाचं तोंड आतून लालसर-केशरी असतं आणि ती सरपटण्याऐवजी कोयत्यासारखं झाकण (शंखाचं तोंड बंद करणारी चकती) वाळूत रोवून उड्या मारत पुढे जाते. डोळ्यांचे दांडे दिसेपर्यंत लांब चिमट्याने किंवा जाळीनेच हाताळा. लाइव्ह रॉकमधून (जिवंत जीव असलेल्या समुद्री दगडातून) आलेला अनोळखी शंकू असेल तर हातमोज्यांवर विसंबू नका.

ठेवण्यासारख्या

घरच्या रीफ टँकसाठी पहिली पसंती नॅसेरियसलाच. ती दिवसभर वाळूत गाडलेली असते, फक्त सायफनचं टोक वर दिसतं. कोळंबीचा तुकडा पाण्यात पडला की थोड्याच वेळात सगळ्या वाळूतून उसळून वर येतात. निरोगी, धडधाकट गोगलगायीच्या वाटेला ती सहसा जात नाही. मेलेलं किंवा मरायला टेकलेलंच खाते. सकाळी मेलेल्या टर्बोवर चार नॅसेरियस जमलेल्या दिसल्या की लोक त्यांनाच खुनी ठरवतात, पण बहुतेक वेळा टर्बो आधीच गेलेली असते आणि या नंतर पोचलेल्या असतात.

खरी नॅसेरियस ओळखायची खूण म्हणजे पायाच्या मागच्या टोकाला दिसणारे दोन बारीक शेपटीसारखे धागे. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी हे जास्त काळजीने पाहावं, कारण तिकडे अटलांटिक किनाऱ्यावरची मड स्नेल नॅसेरियस म्हणून विकली जाते. ती थंड पाण्याची असते, तिला हे धागे नसतात आणि २६ अंशांच्या टँकमध्ये ती फार टिकत नाही.

२०० लिटरच्या टँकला मोठ्या जातीच्या चार-पाच किंवा छोट्या जातीच्या आठ-दहा नॅसेरियस पुरेत. वाळू किमान ५ सेंटिमीटर खोल आणि दाणा अर्धा ते दीड मिलिमीटरचा हवा. धारदार, जाड कोरल चुऱ्यात त्यांना नीट गाडून घेता येत नाही. तळाला वाळूच नसलेल्या टँकमध्ये नॅसेरियस ठेवू नयेत. काचेवर त्या पारदर्शक अंड्यांच्या पिशव्या चिकटवतात, पण त्यांची पिल्लं पाण्यात तरंगत वाढणारी असल्यामुळे स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टरमधून वाचत नाहीत.

दुसरी बंबलबी. लांबी जेमतेम १ ते दीड सेंटिमीटर. दगडांच्या फटीत फिरून लहान किडे आणि मांसाचे उरलेले कण खाते. दगडावर नळ्या बांधून चिकट जाळं सोडणाऱ्या व्हर्मेटिड गोगलगायींचा उपद्रव झाला की लोक बंबलबी आणतात. ती काही व्हर्मेटिड खाते, पण तेवढ्याने उपद्रव संपेल अशी अपेक्षा ठेवू नका. नळी पक्कडीने तोडायची आणि तोंडावर सायनोअॅक्रिलेट जेल गोंदाचा थेंब ठेवायचा, हाच खात्रीचा उपाय आहे. २०० लिटरला तीन-चार बंबलबी पुरतात. दहा-बारा सोडल्या तर किडे लवकर संपतात आणि त्या छोट्या सेरिथवर जातात.

बॅबिलोनियाबद्दल मत थोडं सावध आहे. पांढऱ्या गुळगुळीत शंखावर तपकिरी ठिपके, ५-६ सेंटिमीटर आकार आणि रुंद पाय, अशी ती दिसायला राजेशाही आहे. केरळात कोल्लमजवळ ती ट्रॉलच्या जाळ्यात मोठ्या प्रमाणात मिळते, थायलंडमध्ये खाण्यासाठी तिची शेती होते. काही दुकानांत ती ‘मोठी नॅसेरियस’ म्हणून विकली जाते, आणि खरी अडचण तीच. पोट भरलेलं असलं तर मेलेल्या मांसावर तिचं भागतं, उपाशी असली तर शिंपले आणि अशक्त ट्रोकस-टर्बो तिच्या तावडीत सापडतात. शिंपले नसलेल्या, ३०० लिटरच्या पुढच्या टँकमध्ये एखादी चालेल. त्याहून लहान टँकमध्ये नकोच.

म्युरेक्स आणि ट्युलिप या शिकारी गोगलगायी हव्याच असतील तर त्यांचा स्वतंत्र टँक करा. ६० लिटर, लाइव्ह रॉक, वाळू आणि घट्ट झाकण. झाकण विसरू नका, कारण म्युरेक्स गटातल्या कित्येक जाती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या असतात आणि पाण्याच्या वर चढून बाहेर पडतात. कोकणच्या खडकांवर कालवांच्या आसपास सापडणाऱ्या शिकारी गोगलगायी याच कुळातल्या. त्या कालवं आणि बार्नॅकल पोखरून खातात. तिथून उचलून आणलेली गोगलगाय रीफ टँकमध्ये सोडणं मात्र दोन्ही बाजूंनी चूक आहे. पावसाळ्यात खारेपणा घसरणाऱ्या, उन्हात तापणाऱ्या खडकावर जगणाऱ्या जीवाला स्थिर रीफ टँक मानवेलच असं नाही, आणि ती टँकमध्ये काय खाईल याचाही भरवसा नाही. शिवाय मालवणचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून काहीही उचलायचं नाही.

कायद्याचं

भारतात राहणाऱ्यांनी हा भाग वगळू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या संरक्षित यादीत २००१मध्ये बऱ्याच शंख-शिंपल्यांचा समावेश झाला. काटेरी तारामासा खाणारी ट्रायटन्स ट्रम्पेट, कोनस मिल्नेएडवर्डसी आणि ट्रायडॅक्ना मॅक्झिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा हे मोठे शिंपले त्यात आहेत. सर्व दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि फायर कोरलसुद्धा संरक्षित आहेत. दुकानात मिळतंय म्हणजे कायदेशीर आहे असं गृहीत धरू नका.

आणण्यापासून सोडण्यापर्यंत

समुद्री गोगलगायी शरीरातला खारेपणा बाहेरच्या पाण्याबरोबर बदलू देतात, माशांसारखं त्यावर नियंत्रण ठेवू शकत नाहीत. त्यामुळे खारेपणातला अचानक बदल त्यांना सगळ्यात जास्त मारतो. अनेक दुकानांत मीठ वाचवायला आणि परजीवी कमी राहावेत म्हणून पाण्याची घनता (खारेपणाचं माप) १.०१८ ते १.०२० ठेवतात. तुमच्या टँकमध्ये ती १.०२५-१.०२६ असते. पिशवी पंधरा मिनिटं तरंगवून थेट सोडलेली गोगलगाय दोन दिवस झाकण लावून बसते आणि मग मरते, यामागे बहुतेक वेळा हाच फरक असतो.

पिशवीतलं पाणी एका डब्यात ओता आणि एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब टँकचं पाणी सोडा. डब्यातलं पाणी तिप्पट झालं की रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या उपकरणाने) तपासा. फरक ०.००१पेक्षा जास्त असेल तर अर्धं पाणी काढून पुन्हा थेंब सुरू करा. दीड-दोन तास लागतात. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्यावर नको, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. सोडताना गोगलगाय तोंड खाली करून वाळूवर ठेवा, वरून टाकू नका. जड शंखाच्या काही जाती उलट्या पडल्या तर सरळ होऊ शकत नाहीत.

टँकचे आकडे नेहमीच्या रीफचेच: तापमान २४ ते २६ अंश, क्षारता (अल्कलिनिटी, खारेपणा नव्हे) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, पीएच ८.१ ते ८.४. क्षारता बराच काळ कमी राहिली तर शंखाचं टोक पांढरं पडून झिजतं. मुंबईत आणि कोकणपट्टीत एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय पाणी ३० अंशांवर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि गोगलगायीची भूकही वाढते, म्हणजे नेहमीएवढं खाणं देऊनही ती खंगते. तांबं या प्राण्यांना विषच आहे. माशांवर तांब्याचं औषध वापरलेल्या टाकीत गोगलगाय ठेवू नका, कारण तांबं दगड आणि वाळूत मुरलेलं राहतं. पितळी वॉल्व किंवा जोडही पाण्यात नको.

क्वारंटाइनला १५-२० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर आणि हीटर पुरतो. शंख मऊ टूथब्रशने घासून घ्या, झाकणाच्या कडेला आणि शिवणीत पांढरे दाणे (पिरॅमिडेलिड) दिसतात का पाहा. शंखावर माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या परजीवीचे कोशही चिकटून येऊ शकतात. त्यासाठी माशांविना ७६ दिवस ठेवण्याची पद्धत रीफवाल्यांमध्ये रूढ आहे. एवढं जमत नसेल तरी निदान चार आठवडे वेगळी ठेवाच.

काय आणि किती घालायचं

कोळंबी, माकूळ आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) मांस, तिन्ही आलटूनपालटून. बाजारातून ताजं आणून साध्या पाण्यात धुवा, तुकडे करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग आरओ पाण्यात वितळवून ते पाणी फेकून द्या. पाकिटातली सोललेली गोठवलेली कोळंबी टाळा. तिच्यात वजन टिकवण्यासाठी बऱ्याचदा फॉस्फेटची क्षारद्रव्यं घातलेली असतात, ती टँकचं फॉस्फेट वाढवतात. पाकिटावरची घटकांची यादी वाचा.

बंबलबीला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, चार मोठ्या नॅसेरियसला मिळून वाटाण्याएवढे दोन, बॅबिलोनियाला करंगळीच्या नखाएवढा. आठवड्यातून दोनदा, टँकचे दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासाने. तासाभरात उरलेलं चिमट्याने काढा. माशांना रोज भरपूर मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) घालत असाल तर नॅसेरियसचं त्यातच भागतं, तेव्हा वेगळा वाटा निम्मा करा.

श्रिंप आणि हर्मिट खेकडे तुकडा पळवतात, ही कायमची तक्रार. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ ५ सेंटिमीटर उंच कापा, त्याला डागणीने ३-४ मिलिमीटरची दहा-बारा भोकं पाडा, कडा घासून गुळगुळीत करा. गोगलगाय आणि तुकडा दोन्ही त्याखाली झाकून अर्धा तास ठेवा. वर एखादा छोटा दगड ठेवला की वाटी हलत नाही.

पोट भरलेली नॅसेरियस लगेच वाळूत जाते. खाणं नसतानाही दिवसभर काचेवर फिरणारी, चिमट्याने स्पर्श केल्यावर झाकण सावकाश ओढणारी गोगलगाय उपाशी आहे किंवा पाण्यात काही बिघडलंय. आधी खारेपणा आणि अमोनिया मोजा, मग खाणं वाढवा.

रिकाम्या शंखाचा तपास

टँकमध्ये शंख रिकामा सापडला की फेकू नका. तो भिंगाखाली धरला तर कोणी खाल्लं ते बऱ्यापैकी कळतं.

गोल भोक असेल तर त्याच्या कडा बघा. बाहेर रुंद आणि आत अरुंद, स्क्रूच्या डोक्यासाठी लाकडात पाडतात तसं उतरतं भोक असेल तर काम मून स्नेलचं. सरळ भिंतीचं, नळीसारखं भोक म्युरेक्स कुळाचं. दोघींचंही तंत्र एकच: एका खास ग्रंथीतून आम्लयुक्त स्राव सोडून शंख मऊ करायचा, मग दातेरी जिभेने खरवडायचं, पुन्हा स्राव. म्युरेक्सची ही ग्रंथी पायात असते, मून स्नेलची सोंडेच्या टोकाशी. जाड शिंपल्याला हे काम काही दिवस चालतं, म्हणून शिंपल्यावर तासन्‌तास बसून राहिलेली गोगलगाय दिसली की ती आराम करतेय असं समजू नका.

शंखाची ओठाकडची कड तुटून, कातरून गेली असेल तर गोगलगायींवर संशय नको; तो खेकडा किंवा मँटिस श्रिंप. शंख अखंड आणि स्वच्छ रिकामा असेल तर मात्र निर्णय अवघड. व्हेल्क आणि ट्युलिप भोक न पाडता झाकणाशेजारून सोंड आत घालतात, पण नैसर्गिक मृत्यूनंतर नॅसेरियसने साफ केलेला शंखही असाच दिसतो. तेव्हा रात्री सापळा लावा. काचेची छोटी बरणी दगडाच्या पायाशी आडवी ठेवून त्यात तिसऱ्याचं मांस घाला, टँकचे दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल टॉर्चने बघा. वासावर येणारे मांसाहारी त्यात सापडतात.

कोरल आणि शिंपले खाणाऱ्या गोगलगायी मात्र या आमिषाला येत नाहीत, त्यांना त्यांच्या भक्ष्यावरच शोधावं लागतं. झोअँथिडची वसाहत कारणाशिवाय मिटलेली राहू लागली तर रात्री देठांच्या मध्ये चिमट्याने बघा. तपकिरी-पांढऱ्या चौकड्यांची, वरून चपटी, १ सेंटिमीटरची सनडायल तिथेच लपलेली असते. कोरल डिपमध्ये (प्रवाळावरची कीड मारायच्या द्रावणात) ती मरत नाही, झाकण घट्ट लावून घेते. हातानेच काढावी लागते, आणि चार-पाच रात्री सलग बघावं लागतं. सन कोरलवर त्याच पिवळ्या रंगाची वेंटलट्रॅप असते, ती रंगामुळे दिसतच नाही. फांदीदार प्रवाळ बुडाकडून पांढरं पडत वर चाललं असेल तर ते प्रवाळ खाणाऱ्या ड्रुपेला गोगलगायीचं काम. दिवसा ती बुडाशी लपते, शंखावर गुलाबी कॅल्शियमयुक्त शेवाळ चढलेलं असल्यामुळे दगडासारखीच दिसते. ऑस्ट्रेलियातल्या निंगलू रीफवर १९८०च्या दशकात तिचा मोठा उद्रेक होऊन प्रवाळाचं फार नुकसान झालं होतं.

ट्रोकस-टर्बोच्या ओठाशी किंवा शिंपल्याच्या कडेला १ ते ३ मिलिमीटरचे, तांदळाच्या कण्यांसारखे लांबट पांढरे दाणे दिसले तर ते पिरॅमिडेलिड. रोज टूथब्रशने काढा, अंड्यांची चिकट गाठ दिसली तर तीही खरवडा. सिक्स-लाइन रॅस हा मासा काही खातो. पण लांबट नसून गोलसर, आणि यजमानावर न बसता काचेवर-दगडावर फिरणारे दाणे असतील तर त्या कोलोनिस्टा नावाच्या इवल्या गोगलगायी. शेवाळ खातात, त्यांना राहू द्या.

पकडलेली म्युरेक्स किंवा व्हेल्क समुद्रात सोडायची नाही. ती कुठून आली माहीत नसतं, तिच्याबरोबर काय जाईल तेही माहीत नसतं. आधी सांगितलेला ६० लिटरचा स्वतंत्र टँक याच कामासाठी ठेवावा. संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) ठेवणार असाल तर पंपाच्या तोंडाला जाळी लावा, आणि आठवड्यातून एकदा तिला उचलून हुंगून बघा. झाकण आत ओढलं तर ती जिवंत आहे. पाय बाहेर लोंबतोय आणि कुजका वास येतोय तर लगेच काढा, कारण मोठ्या गोगलगायीचं मांस कुजलं की छोट्या टँकमधला अमोनिया एका रात्रीत वाढतो.